बुवा आज कुणाला बोलले? (प्युरिटन सरमन म्हणजे प्रवचनं वाचायला बसणाऱ्यांसाठी)

दर जून-जुलैत मला चार-पाच मेसेज ठरलेले असतात. ताई, इंग्लंडच्या सिव्हिल वॉरवर (१६४० च्या दशकातली राजा विरुद्ध पार्लमेंट लढाई) डिसर्टेशन करायचंय, प्युरिटन लोकांवर काहीतरी, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी माझी ओळख. मी नगरची, एमए पुण्यात, मग इंग्लंडला एक वर्षाचं मास्टर्स आणि पुढे तिथेच पीएचडी, आता परत येऊन कॉलेजात शिकवते. विषय होता १६४० ते १६६२ या काळातली प्रवचनं आणि राजकारण. ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न नेहमी हाच, की नगरची मुलगी आणि प्युरिटन कुठून? खरं सांगायचं तर आजीमुळे. लहानपणी आजीचं बोट धरून कीर्तनाला जायचे, बुवा तुकोबांचा अभंग लावायचे, तासभर निरूपण, मग आख्यान, आणि घरी येताना आजी हमखास विचारायची, "कळलं का बुवा आज कुणाला बोलले ते?" मला काहीच कळलेलं नसायचं. अभंगात कुणाचं नाव नाही, निरूपणात नाव नाही, पण देवळाच्या हिशेबात घोळ घालणारे जे कुणी मांडी घालून पुढे बसलेले असायचे त्यांचे कान लाल झालेले आजीने बरोबर टिपलेले असायचे.

हा आजीचा प्रश्न तेवढा डोक्यात ठेवा, बाकी सगळं शिकता येतं.

आता मी काय चूक केली ते ऐका, कारण ९० टक्के लोक तीच करतात. मास्टर्सच्या पहिल्या टर्ममध्ये मी सरमन उघडायचे आणि थेट राजकारण शोधायचे. राजा, पार्लमेंट, बिशप, टॅक्स, असले शब्द कुठे दिसतात तेवढी पानं काढायची, पिवळा हायलाइटर मारायचा आणि मधली ४० पानं बायबल-बायबल म्हणून सोडून द्यायची. माझे गाइड शांत माणूस, त्यांनी माझ्या नोट्स चाळल्या आणि एवढंच विचारलं की सोडलेल्या पानांत काय होतं? मला सांगता येईना. मग म्हणाले, समोर बसलेल्या लोकांनी ती पानं सोडली नव्हती.

तर बेसिकपासून. प्युरिटन ही मुळात शिवी होती, ते स्वतःला "गॉडली" म्हणवायचे. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये राहूनच, पण सुधारणा अर्धवट राहिलीय, अजून बराच कॅथलिक कचरा झाडायचा बाकी आहे असं मानणारे लोक. काळे कपडे घालणारे, हसणं-नाचणं बंद करणारे खडूस लोक हे चित्र डोक्यातून काढा, निदान बाजूला ठेवा. त्यांच्या लेखी प्रवचन म्हणजे पूजेतला एक भाग नव्हे, तोच मुख्य मार्ग, देव माणसाच्या काळजात शिरतो तो कानातून. त्यामुळे प्रवचन कोण करणार, किती करणार, कुणाच्या परवानगीने करणार हा प्रश्न आपोआपच सत्तेचा प्रश्न होतो. एलिझाबेथ राणीला प्रवचनकारांचे मेळावे बंद करायचे होते, आर्चबिशप ग्रिंडलने १५७६ मध्ये लेखी नकार दिला, पुढच्याच वर्षी त्याला कामावरून बाजूला केलं. खुद्द आर्चबिशपला! हे मेळावे म्हणजे "प्रोफेसाइंग", आणि इथे पहिला खड्डा आहे.

शब्दांचे खड्डे भरपूर आहेत. प्रोफेसाइंग म्हणजे भविष्य सांगणं नाही, बायबल उलगडून सांगणं. "लेक्चरर" म्हणजे कॉलेजातला सर नाही, तर गावाने किंवा नगरपालिकेने वर्गणी काढून फक्त प्रवचनासाठी ठेवलेला माणूस, बऱ्याचदा बाजाराच्या दिवशी बोलणारा. पगार गाव देणार, बिशप नाही, म्हणून बिशपला तो डोळ्यात खुपणार. चेम्सफर्डला थॉमस हूकर असाच लेक्चरर होता, त्याचं तोंड बंद केल्यावर तो हॉलंडला गेला आणि १६३३ मध्ये न्यू इंग्लंडला. "मॅलिग्नंट" म्हणजे आजार नाही, राजाच्या बाजूचा माणूस. आणि माझा आवडता, "पेनफुल प्रीचर". मी चक्क लिहून ठेवलं होतं की लोकांना या माणसाची प्रवचनं असह्य व्हायची. पेनफुल म्हणजे तेव्हा कष्टाळू, मेहनत घेणारा, तारीफ आहे ती. माझ्या वहीत ते वाक्य अजून आहे, विद्यार्थ्यांना दाखवते.

आता प्रवचनाचा सांगाडा. विल्यम पर्किन्स नावाचा केंब्रिजचा माणूस, त्याने प्रवचन कसं करावं याचं लॅटिनमधलं गाइडच १५९२ मध्ये काढलं, नंतर त्याचं इंग्रजी झालं, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्या थोड्याफार फरकाने त्याच वाटेने गेल्या. आधी बायबलमधलं एक वचन, मग त्याचा अर्थ आणि मागचा-पुढचा संदर्भ, मग त्यातून निघणारं तत्त्व म्हणजे "डॉक्ट्रिन", मग त्याची कारणं, आणि शेवटी "यूजेस", म्हणजे हे तुम्हाला-मला कसं लागू पडतं. एक यूज शिकवण्यासाठी, एक कान उघडण्यासाठी, एक धीर देण्यासाठी, असे चार-चार पाच-पाच. कीर्तन ऐकलेल्याला हे पटकन पकडता येतं, माझ्या इंग्रज वर्गमित्रांपेक्षा मला सोपं गेलं हे मी गर्वाने सांगते. अर्थात तुलना फार ताणू नका, इथे टाळ-मृदंग नाही, आख्यान नाही, हशा तर जवळपास नाहीच.

राजकारण कुठे असतं? बहुतेक वेळा यूजेसमध्ये. पण यूज चावतो केव्हा, तर आधीच्या पाऊण तासात वचन तुमच्या गळी पूर्ण उतरवलेलं असतं तेव्हा. म्हणून मधली पानं सोडायची नाहीत.

एक उदाहरण नीट बघू. स्टीफन मार्शल, एसेक्समधल्या फिंचिंगफील्डचा पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू, मागे वॉरिकचा अर्ल या बड्या सरदाराचा हात. १७ नोव्हेंबर १६४० ला नव्या पार्लमेंटने उपवासाचा दिवस पाळला तेव्हा हाउस ऑफ कॉमन्ससमोर कॉर्नेलियस बर्जेस आणि हा मार्शल असे दोघं बोलले, प्रार्थना धरून सात तास चाललं म्हणतात. उपाशीपोटी सात तास! पुढे १६४२ च्या सुरुवातीला दर महिन्याचा शेवटचा बुधवार उपवासाचा ठरला, कारण आयर्लंडमध्ये बंड पेटलं होतं. कॉमन्सवाले सेंट मार्गरेट्सला जमायचे, वेस्टमिन्स्टर ॲबीच्या अगदी शेजारी. २३ फेब्रुवारीला मार्शलने वचन घेतलं बायबलमधलं शास्ते ५:२३. दबोराचं गाणं आहे ते. देवाच्या लोकांची लढाई झाली, जिंकले, आणि मध्येच ओळ येते की मेरोजला शाप द्या, कारण ते परमेश्वराच्या मदतीला आले नाहीत. बास. मेरोजने शत्रूला मदत केली असं कुठेही म्हटलेलं नाही, ते फक्त घरी बसले. मार्शल तत्त्व काढतो ते असं, की देवाच्या लोकांना शत्रूविरुद्ध साथ देता की नाही यावर माणूस शापित की आशीर्वादित हे ठरतं. मधे कुठे राहायची सोयच ठेवत नाही. मग यिर्मयातलं ते वचन आणतो, रक्तापासून तलवार आवरणारा शापित असो. आता विचार करा समोर कोण बसलंय. राजा पहिल्या चार्ल्सने ४ जानेवारीला पाच सभासदांना पकडायला स्वतः शिपाई घेऊन पार्लमेंटमध्ये पाऊल टाकलं होतं, १० तारखेला तो लंडन सोडून निघून गेला होता, अजून लढाई सुरू नाही (ती ऑगस्टमध्ये), आणि बाकांवर कितीतरी लोक "आपण कशाला मधे पडा" म्हणून गप्प बसलेले. बुवा कुणाला बोलले? राजाला नाही. त्या गप्प बसलेल्यांना. हेच प्रवचन मार्शलने नंतर ठिकठिकाणी फिरून मिळून ६० वेळा केलं असं त्याचं स्वतःचंच म्हणणं आहे.

आजीला व्हिडिओ कॉलवर हे सगळं सांगितलं होतं. तिने पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "मग त्या मेरोजवाल्यांचं पुढं काय झालं?" मी शोधलं. बायबलमध्ये मेरोजचं नाव त्या एका ओळीपलीकडे कुठेच येत नाही.

आता या प्रवचनावरूनच माझी जाहीर फजिती. छापील पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर तारीख आहे २३ फेब्रुवारी १६४१. मी तेच धरलं आणि सेमिनारमध्ये २० मिनिटं झाडून प्रेझेंटेशन दिलं, की हे प्रवचन म्हणजे राजाचा उजवा हात स्ट्रॅफर्ड याच्यावरच्या खटल्याची तयारी, मार्च १६४१ मध्ये खटला, मे मध्ये शिरच्छेद, बघा कसं जुळतंय! स्लाइडवर टाइमलाइन, बाण, रंग, सगळं. संपल्यावर एका मुलीने हात वर केला आणि अगदी हळू विचारलं की ही तारीख जुन्या पद्धतीची नाही का. तेव्हा इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे त्यांचा फेब्रुवारी १६४१ हा आपला फेब्रुवारी १६४२. माझी पूर्ण टाइमलाइन एक वर्षाने हुकली होती, स्ट्रॅफर्डला जाऊन नऊ महिने झाले होते. तेव्हापासून जानेवारी ते २४ मार्चमधली कुठलीही तारीख दिसली की मी आधी पेन खाली ठेवते. राजाच्या डेथ वॉरंटवर पण १६४८ आहे, मारलं ३० जानेवारी १६४९ ला. आपल्याकडे शक आणि सन यांचा घोळ बघत वाढलेल्या माणसाने असं फसावं याची जास्त लाज वाटली.

साहित्य कुठे मिळेल हा मेसेजमधला दुसरा प्रश्न. घरबसल्या भरपूर मिळतं. अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइनचे स्कॅन बघायला युनिव्हर्सिटीचं सबस्क्रिप्शन लागतं, पण त्यातल्या हजारो पुस्तकांचा माणसांनी बसून टाइप केलेला मजकूर फुकट खुला आहे, पहिला गठ्ठा २०१५ मध्ये आणि दुसरा २०२० मध्ये खुला झाला, संसदेपुढचे बरेच सरमन त्यात सापडतात. पुण्यात बसून एमएचं काम आरामात होईल एवढं आहे. बाकी ठिकाणच्या मशीनने वाचलेल्या मजकुरावर सर्च मारताना जपून, जुन्या छपाईतला लांब एस मशीनला एफ वाटतो, त्यामुळे "सिन" म्हणजे पाप शोधाल तर ते "फिन" म्हणून लपलेलं असतं, आणि प्युरिटन माणसाच्या पुस्तकात पापच सापडलं नाही तर काय राहिलं. यू-व्ही आणि आय-जे पण एकमेकांच्या जागी येतात. आठवड्याभरात डोळे बसतात. हस्तलिखित मात्र वेगळी गोष्ट, त्यासाठी ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजचा जुनी लिपी वाचायचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, मोडी शिकलेल्यांना धीर कसा धरायचा हे माहीतच असतं.

लंडनला जायला मिळालं तर ब्रिटिश लायब्ररीत थॉमसनचा संग्रह बघाच. जॉर्ज थॉमसन हा सेंट पॉल्सच्या आवारातला पुस्तकविक्रेता, १६४० ते १६६१ जे छापून येईल ते जमवत बसला, २२ हजारांच्या वर नग, आणि कितीतरी चोपड्यांवर हाती आल्याची तारीख स्वतः लिहिली. त्यातला एक खंड राजाने वाचायला मागून नेला होता, तो चिखलात पडला, त्याचा डाग अजून आहे म्हणे.

आणखी एक लक्षात ठेवा, छापलेलं प्रवचन म्हणजे बोललेलं प्रवचन नव्हे. बोलून झाल्यावर कॉमन्स आभार मानायचे आणि छापायला सांगायचे, तो हुकूम पुस्तिकेत छापलेला असतो, तो सुद्धा वाचा. घरी जाऊन पाळक मजकूर वाढवायचा, कधी धार कमी करायचा. मग ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं? त्यासाठी वह्या आहेत. लोक चक्क वही घेऊन बसायचे, काहीजण शॉर्टहँड शिकलेले, घरी जाऊन नोकर-चाकरांसकट उजळणी. नेहेमाया वॉलिंग्टन नावाचा लंडनचा लाकूड कातणारा कारागीर होता, त्याने ५० वह्या भरल्या, त्यातल्या ७ उरल्यात. मंत्री नाही, जमीनदार नाही, ईस्टचीपमधला एक दुकानदार, आणि त्याच्या वहीत देव, देणेकरी आणि पार्लमेंट एकाच पानावर. माझ्या मते नव्या माणसाने पार्लमेंटच्या आधी वॉलिंग्टन वाचावा.

हे सगळं कानाने वाचा असं मी सांगते ते उगाच नाही. डेडमचा जॉन रॉजर्स, याला लोक गर्जणारा रॉजर्स म्हणायचे. एकदा बायबलकडे दुर्लक्ष केल्याबद्दल गावाला झापताना तो देवाच्या आवाजात बोलला, की तुम्ही वाचत नाही ना, मग माझं पुस्तक परत नेतो, आणि समोरच्या उशीवरचं बायबल उचलून खरंच निघाल्यासारखं केलं. मग लगेच लोकांच्या आवाजात गुडघे टेकून रडला, देवा, मुलं ने, घर जाळ, पण पुस्तक नेऊ नको. चर्चभर हुंदके. थॉमस गुडविन तेव्हा केंब्रिजचा विद्यार्थी, मुद्दाम ऐकायला आला होता, बाहेर आल्यावर घोड्यावर चढायच्या आधी घोड्याच्या मानेला धरून पाव तास रडत उभा होता. आणि आपण वाचतो ते "प्लेन स्टाइल" म्हणून! प्लेन म्हणजे लॅटिन-ग्रीक पाजळायचं नाही एवढंच. मी हॉस्टेलच्या किचनमध्ये फोनवर टायमर लावून मार्शल मोठ्याने वाचायचे, समोर भात शिजतोय, एक चिनी मैत्रीण हेडफोन घालून बसलेली, आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की "शाप" हा शब्द किती वेळा आणि कुठे कुठे येतो. डोळ्यांनी वाचताना ते निसटतं.

थिअरीबद्दल थोडक्यात. ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने १९६० च्या दशकात मांडलं की पिम वगैरे पार्लमेंटचे पुढारी आधी ठरवायचे आणि पाळक ते पुलपिटवरून म्हणजे प्रवचनाच्या ओट्यावरून सोडायचे, म्हणजे पाळक हे पुढाऱ्यांचे भोंगे. वाचायला झकास, पण मला एवढं सरळ पटत नाही. जॉन ओवेन या पाळकाला राजाचा शिरच्छेद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ३१ जानेवारी १६४९ ला, पार्लमेंटसमोर उभं केलं. भोंगाच असता तर समर्थनाची लाऊडस्पीकरवर बरसात केली असती. त्याने प्रवचनात कालच्या घटनेचा थेट उल्लेख जवळपास टाळलाच. उलट ह्यू पीटर हा पाळक उघड बोलायचा, राजांना साखळदंड घालण्याचं स्तोत्रातलं वचन त्याने वापरल्याचं १६६० च्या खटल्यात साक्षीदारांनी सांगितलं, आणि त्याला फाशी झाली. थोडक्यात माणसागणिक बघा.

पैशांचं म्हणाल तर तिकडचं मास्टर्स स्कॉलरशिपशिवाय करू नका, हे कडकपणे सांगते. कॉमनवेल्थ, फेलिक्स, चिवनिंग यांच्या अटी नीट वाचा, डेडलाइन शक्यतो वर्षभर आधी असते. छोट्या रिसर्च ट्रिपसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट बघा. प्रपोजलमध्ये "प्युरिटन्स आणि राजकारण" लिहून पाठवू नका, तो विषय नाही, ते कपाट आहे. एक पाळक, एक गाव किंवा एक वर्ष घ्या. आणि इंटरव्ह्यूत "भारतीय असून हे का" विचारतातच. मी नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचं सांगितलं होतं, ते काँग्रिगेशनल पंथाचे, न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांची थेट वारस मंडळी, १८१३ मध्ये मुंबईत उतरली, आणि त्याच नगरला पुढे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनं केली. उत्तर खरं होतं म्हणून चाललं, तुम्ही तुमचं खरं शोधा, ओढूनताणून जोडू नका. नोकरीचं गणित तर माहितीच आहे, या विषयावर म्हणून जागा निघत नाही, "आधुनिक युरोप" शिकवायला तयार राहा.

सध्या मी १६६२ वर काम करतेय. मारलेल्या राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स राजा म्हणून परत आला, नवा कायदा झाला की २४ ऑगस्टच्या आत प्रार्थनापुस्तकाला संमती द्या नाहीतर चर्च सोडा, १६६० पासूनचे धरून साधारण दोन हजार पाळक बाहेर पडले. (याच राजाला लग्नात मुंबई मिळाली, तो वेगळा लेख.) १७ ऑगस्टला शेवटच्या रविवारी प्रसिद्ध डायरीवाला सॅम्युअल पीप्स डॉक्टर बेट्स या बाहेर पडणाऱ्या पाळकाला ऐकायला सकाळी सातच्याही आधी सेंट डन्स्टन्सला पोचला, दारं बंद, तासभर टेम्पलच्या बागेत फिरला, मग मागच्या दाराने गर्दीतून घुसून पुलपिटशेजारच्या गॅलरीत जागा पटकावली. आणि डायरीत लिहितो की प्रवचन फार छान झालं, चालू घडामोडींवर बेट्स जवळपास काहीच बोलला नाही. दुपारी पीप्स त्याच गर्दीत परत गेला.

वचन होतं इब्री १३:२०, शांतीचा देव.